पेशंटला कुणी विचारलं का?

परळची_सिस्टर
मंगळवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. मी इथे बरीच वर्षं नुसती वाचायला येते. आज ड्युटी संपवून घरी आले, ताटावर बसले, पण घास उतरेना. म्हणून लिहायला घेतलं.

मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. नोकरीला २२ वर्षं झाली, त्यातली शेवटची ९ पॅलिएटिव्ह केअरमध्ये. ज्यांना हा शब्द नवीन असेल त्यांच्यासाठी सांगते. आजार बरा होणार नाही हे कळल्यावरही पेशंटचं दुखणं, धाप, उलट्या, उडालेली झोप, जिवाची घालमेल हे सगळं हातात घेणारा आमचा विभाग.

गेल्या आठवड्यात शेजारच्या वॉर्डातले एक आजोबा गेले. वय ७८, फुप्फुसाचा कॅन्सर, मेंदूपर्यंत पोचलेला. रात्री अडीचला श्वास अडकला. ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरने बाहेर बाकड्यावर झोपलेल्या मुलाला हलवून उठवलं. "ट्यूब टाकायची का? लवकर सांगा." माणूस झोपेतून उठलाय, समोर बाप तडफडतोय, तो काय सांगणार? "सगळं करा," म्हणाला. ट्यूब टाकली, आयसीयूत नेलं. ३१ तास मशीनवर होते. ट्यूब ओढतात म्हणून हात बांधलेले. मग गेले.

आज सकाळी त्या वॉर्डातल्या मावशी मला म्हणाल्या, "सिस्टर, ते बाबा मला बोलले होते." पंधरा दिवसांपूर्वी, अंग पुसताना. "मावशी, मला मशीनला लावू देऊ नका हां. माझ्या भावाला लावलेलं, मी बघितलंय." मावशी म्हणाल्या, "असं बोलू नये बाबा." पाठ पुसली, पावडर लावली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना कोण विचारतं? पण आजोबांच्या त्या जाडजूड फायलीत रक्ताचे सगळे रिपोर्ट होते, सीटी स्कॅन होते, आणि त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेली ही एक गोष्ट कुठेच नव्हती. ती त्यांनी मावशींना सांगितली, कारण रोज दहा मिनिटं त्यांच्याजवळ थांबणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

आपल्याकडे सगळे निर्णय बाकड्यावर होतात. खाटेवरच्या माणसाला कुणी विचारत नाही. "त्यांना सांगू नका, धसका घेतील," हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. आणि पेशंटला बहुतेक वेळा माहीत असतं. राउंडला डॉक्टर खाटेशी कमी थांबायला लागतात, मुलगी पाठ फिरवून डोळे पुसते, गावाहून काका अचानक भेटायला येतात. माणसाला कळतं. फक्त घरच्यांना त्रास नको म्हणून तोही बोलत नाही. मग दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळत बसतात आणि वेळ निघून जाते.

एक मिलवाले बाबा होते, लालबागचे. ८२च्या संपात नोकरी गेली, पुढे वॉचमनकी करून दोन मुलं मोठी केली. त्यांच्या खाटेशी मी स्टूल ओढून बसले. ते म्हणाले, "सिस्टर बसल्या म्हणजे काहीतरी मोठं आहे." मी विचारलं, "आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितलंय डॉक्टरांनी?" म्हणाले, "पाणी झालंय छातीत, काढतील." "आणि तुम्हाला काय वाटतं?" बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मीही बोलले नाही. हे गप्प राहणं शिकायला मला खूप वर्षं लागली. मग म्हणाले, "भोंगा झाला माझा."

त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो. मशीन नको, आयसीयू नको, शेवटी दोन्ही पोरं एकाच वेळी समोर हवीत, कारण त्यांची आपसात बोलाचाली नव्हती. आणि मग म्हणाले, "सलाईन मात्र काढू नका." मला वाटलं, त्यांना तहानेची भीती वाटते. म्हणाले, "मला नको आहे हो ती. पण बाटली दिसली नाही तर हिला वाटेल, ह्यांनी माझ्या माणसाला सोडून दिलं." आम्ही बाटली ठेवली. अगदी हळू, अंगाला सूज येणार नाही इतकी. सगळं फायलीत लिहिलं, बाटलीचं कारणसुद्धा.

हे दोन्ही बाबा माझ्या डोक्यातून जात नाहीयेत. तुमच्या घरात असं बोलणं झालंय का? की राहूनच गेलं?

ठाकूरद्वार_नाका
मंगळवार, रात्री ११.३०

ताई, लेख वाचून अंगावर काटा आला. पण मी वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

माझ्या वडिलांना २०१६ साली स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. आम्ही तिघा भावंडांनी ठरवून त्यांना सांगितलं नाही. "अल्सर आहे" म्हणालो. त्यांचा स्वभाव आम्हाला माहीत होता. साधा ताप आला तरी मृत्युपत्राच्या गोष्टी करायचे. कळलं असतं तर पहिल्या दिवशीच हाय खाल्ली असती. चार महिने ते नातवाशी पत्ते खेळत राहिले, ते त्यांना आम्ही दिले असं मी मानतो. तोंडावर खरं सांगणं म्हणजेच प्रामाणिकपणा, हे मला पटत नाही.

फक्त एक गोष्ट. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावून बँकेची पासबुकं आणायला सांगितली. मी म्हणालो, "बरे होऊन घरी चला, मग निवांत बघू." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाले. ते "बरं" मी विसरू शकत नाही.

परळची_सिस्टर
मंगळवार, रात्री ११.५८

दादा, राग कशाला? तुम्ही चार महिने त्यांची सेवा केलीत.

घरचे "सांगू नका" म्हणतात तेव्हा मी भांडत नाही. मी त्यांनाच विचारते, "सांगितलं तर काय होईल अशी भीती वाटते तुम्हाला?" त्यावर बहुतेक जण रडतातच. मग मी म्हणते, मी आपणहून काही सांगायला जाणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर खोटं बोलणार नाही. आणि कुणाला काहीच जाणून घ्यायचं नसेल तर तोही त्याचा हक्क आहे. मी सरळ विचारते, "काही लोकांना सगळं ऐकायचं असतं, काही म्हणतात मुलाशी बोला. तुम्हाला कसं आवडेल?" "तुमचं तुम्ही बघा, मला सांगू नका" म्हणणारे पेशंटही मी पाहिलेत, आणि आम्ही त्यांचं ऐकलं.

पासबुकं मागणं म्हणजे दार किलकिलं करणं असतं. अशा वेळी "का हो बाबा, काय मनात आलं?" एवढं म्हटलं तरी पुरतं. पण ते आधी कुणी शिकवलेलं नसतं, आणि त्या क्षणी आपलीच छाती फुटायची वेळ असते. स्वतःला बोल लावू नका.

रात्रपाळी_आयसीयू
बुधवार, पहाटे ४.२०

डॉक्टर आहे, अतिदक्षता विभागात काम करतो, आत्ताही ड्युटीवरच आहे. सिस्टर, तुम्ही लिहिलेला तो पोरसवदा डॉक्टर दहा वर्षांपूर्वी मी होतो.

आमच्या बाजूचं थोडं सांगतो. रात्री अडीचला आमच्यासमोर कधीही न पाहिलेला पेशंट असतो. दिवसाच्या टीमने काही लिहून ठेवलेलं नसतं. तेव्हा "ट्यूब टाकू का" हाच प्रश्न सुचतो. खरं तर त्या प्रश्नाला त्या वेळी काही अर्थच नसतो. नातेवाईक "सगळं करा" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात असतं, "आमच्या माणसाला टाकून देऊ नका." आम्ही ऐकतो, "छाती दाबा, शॉक द्या, मशीन लावा."

सीपीआर म्हणजे काय हे लोकांनी मालिकांमध्ये पाहिलेलं असतं. प्रत्यक्षात छाती दोन इंच खाली जाईल इतक्या जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतात, तो आवाज हाताला कळतो. अचानक हृदय बंद पडलेल्या धडधाकट माणसासाठी हे सगळं सार्थकी लागतं, तिथे जरूर करावं. पण कॅन्सर सगळीकडे पसरलाय, अवयव एकेक करून थांबतायत, तिथे त्याने आजार मागे फिरत नाही.

आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० साली सीपीआर न करण्याच्या निर्णयाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात साधी गोष्ट आहे: हा निर्णय आधी, पेशंटशी आणि घरच्यांशी बोलून घ्यायचा आणि लेखी नोंदवायचा. सीपीआर करायचा नाही याचा अर्थ बाकी उपचार थांबले असा नाही. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, दुखण्याचं औषध सगळं चालू राहतं. हे मी नातेवाइकांना दोनदा सांगतो, कारण पहिल्यांदा ते ऐकू येत नाही.

आणि कृपा करून कुठल्याही डॉक्टरने "आता करण्यासारखं काही नाही" हे वाक्य बोलू नये. मी ते बोललेलो आहे. त्यानंतर समोरच्या बाईचा चेहरा कसा झाला होता ते मला आजही आठवतं.

मूळ_कोकणचा
बुधवार, सकाळी ८.०५

आमचे बाबा ठाण्याच्या हॉस्पिटलात सारखे म्हणायचे, "मला घरी न्या." घरी म्हणजे चिपळूणजवळच्या गावी. आम्ही डामा घेतला, म्हणजे डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. त्या कागदावर सही करताना आपण बापाला मारतोय असं वाटत होतं. अॅम्ब्युलन्सने नेलं. पडवीत सहा दिवस होते. फणसाच्या झाडाकडे तोंड करून खाट टाकली होती.

पण तयारी काहीच नव्हती. दुसऱ्या रात्री दुखायला लागलं आणि आमच्याकडे साध्या गोळ्या. तालुक्याला मिळालं नाही, शेवटी मुंबईहून भाच्याने मॉर्फिन आणलं. कुणी नेणार असेल तर औषधं, त्यांचं प्रिस्क्रिप्शन आणि गावातल्या डॉक्टरशी बोलणं आधी करा. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टरला द्यावा लागतो, फॉर्म ४-अ. पेशंट आधी बघितलेला डॉक्टर असेल तर त्या दिवशी धावाधाव होत नाही.

परळची_सिस्टर
बुधवार, दुपारी २.४०

@मूळ_कोकणचा, खूप महत्त्वाचं लिहिलंत. आम्ही घरी जाऊ इच्छिणाऱ्या पेशंटला रीतसर डिस्चार्ज देऊन औषधांसह पाठवायचा प्रयत्न करतो, म्हणजे डामाची ती सही करावी लागत नाही.

मॉर्फिनची भीती अजून आहे लोकांना. "व्यसन लागेल", "हे दिलं म्हणजे संपलं". कॅन्सरच्या दुखण्यावर मोजून, साधारण दर चार तासांनी तोंडाने दिलेल्या मॉर्फिनने सहसा व्यसनी होत नाही माणूस. बद्धकोष्ठ होतं, त्यासाठी पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध बरोबर द्यायचं. २०१४ साली एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन परवाने सोपे झाले, तरी लहान गावात ते मिळणं अजून कठीण आहे. म्हणून निघण्यापूर्वीच पुरेसं घ्यावं. दुखणं थांबल्याशिवाय माणूस स्वतःच्या इच्छेबद्दल बोलू शकत नाही, हेही खरं. विव्हळणाऱ्याला "तुमची इच्छा काय" विचारणं क्रूरपणा आहे. आधी औषध, मग स्टूल.

वकील_बोरिवली
बुधवार, सायंकाळी ६.१५

कायद्याचं थोडं लिहिते, कारण गैरसमज फार आहेत.

हा विषय आपल्या मुंबईतूनच देशापुढे आला. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, त्या त्याच हॉस्पिटलात अंथरुणावर होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना इतकी वर्षं सांभाळलं. त्यांच्याबद्दलच्या याचिकेवर ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यांना अन्न देणं थांबवण्याची मागणी नाकारली, पण कडक अटींवर जीवरक्षक उपचार थांबवायला वाट करून दिली. पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विल, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, कायदेशीर झालं. इंजेक्शन देऊन मृत्यू आणणं मात्र आजही गुन्हाच आहे.

२०१८ ची पद्धत इतकी किचकट होती की कुणी त्या वाटेला जाईना. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली. आता सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाने दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. आपण बोलू शकलो नाही तर कोण बोलेल त्यांची नावं घालायची. एक प्रत घरच्या डॉक्टरला, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुंबईत पालिकेने हे काम वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिलंय. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा हॉस्पिटलचं एक आणि त्यावर दुसरं अशी दोन वैद्यकीय मंडळं बघतात, शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत देतात, आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवलं जातं. कागद नसेल तरी घरच्यांच्या संमतीने याच मंडळांकडून निर्णय होऊ शकतो.

पण हे सगळं माणूस बोलू शकत नसेल तेव्हाचं. जो शुद्धीवर आहे, ज्याला समजतंय, त्याला उपचार नाकारायला यातलं काहीही लागत नाही. तो "नको" म्हणू शकतो. सिस्टर, तुमच्या त्या आजोबांना कायद्याने हक्क होताच.

पवनारचा_पांथस्थ
बुधवार, रात्री ९.०२

आपल्या परंपरेत ही जाण होती. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न-औषध सोडलं आणि शांतपणे गेले. सावरकरांनी १९६६ साली दादरच्या घरी तेच केलं. घरात आजी अन्न बंद करायची तेव्हा मोठी माणसं समजून जायची. आज नळीने भरवतात.

माहीमची_लेक
बुधवार, रात्री ११.१७

पहिल्यांदाच लिहितेय. आई ६९ वर्षांची आहे, गेले अकरा दिवस हॉस्पिटलात. आतड्याचा कॅन्सर, लिव्हरमध्ये पसरलाय. केमो थांबवली आहे. भाऊ म्हणतो, गरज पडली तर व्हेंटिलेटर लावायचा, पैशाचा विचार करायचा नाही. मला वाटतं तिला घरी न्यावं, ती आयुष्यभर त्या घरात राहिली. आम्ही दोघं रोज जिन्यात भांडतो. आईला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

ती दोन दिवस जेवत नाहीये. भाऊ चमच्याने पेज घालतो, ती तोंड मिटते, तो चिडतो.

सिस्टर, मी सुरुवात कुठून करू? पहिलं वाक्य काय बोलू?

परळची_सिस्टर
गुरुवार, सकाळी ६.३५

बाळा, ड्युटीला निघायच्या आधी लिहितेय.

आधी पेज. भूक नसणं हे त्या आजाराचंच आहे. शरीर आवरतं घेतं तेव्हा त्याला अन्न पेलत नाही. न जेवल्यामुळे ती जात नाहीये, जात असल्यामुळे जेवत नाहीये. जबरदस्तीने भरवलं तर ठसका लागून छातीत जाईल. (@पवनारचा_पांथस्थ, विनोबांनी निश्चयाने सोडलं होतं. इथे शरीरच सोडतंय, म्हणून उपास म्हणू नये असं मला वाटतं.) ओठ कोरडे पडू देऊ नकोस. ओल्या कापसाने तोंड पूस, आवडत असेल तर बर्फाचा छोटा खडा. भावाला हे काम दे. त्याला हाताला काम हवंय, म्हणून तो पेज घेऊन बसतो.

आता बोलणं. भेटायची वेळ नको, शेजारीपाजारी असतात. दुपारी तीनच्या सुमारास वॉर्ड शांत असतो. तिचं दुखणं थांबलेलं असताना बस. उभी राहू नकोस. "आई, तुला तब्येतीचं काय वाटतंय?" एवढंच पहिलं वाक्य. पुढचं ती ठरवेल. "बरी आहे" म्हणाली तर आज तिथेच थांब, पाय चेपत बस. काही बोलली तर लगेच "असं काय बोलतेस" म्हणू नकोस. जमलं तर विचार, "तुला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?" आणि "तब्येत आणखी बिघडली तर तुला काय हवं, काय नको?" मशीन, घर, हे शब्द तू आधी काढू नकोस. आणि शक्य असेल तर भावाला बरोबर घे. नंतर सांगितलंस तर त्याला वाटेल तूच तिच्या तोंडी घातलंस.

रडू आलं तर येऊ दे.

माहीमची_लेक
शुक्रवार, रात्री १०.५०

काल दुपारी आम्ही दोघं बसलो.

मी पहिलं वाक्य म्हटलं. आई म्हणाली, "तुम्ही दोघं जिन्यात भांडता ते वरपर्यंत ऐकू येतं." तिला सगळं माहीत होतं.

मशीन नको म्हणाली. भाऊ उठून खिडकीशी गेला, पण ऐकत होता. मग मी, तुम्ही सांगूनही, बोलून गेलेच, "आपण घरी जाऊ या ना." आणि आई नाही म्हणाली. मला वाटलं नीट ऐकलं नाही तिने. आमची खोली चाळीतली, दहा बाय बारा, वर माळा. भाची, भावाची मुलगी, दहावीला आहे, पुढच्या आठवड्यात बोर्डाचे पेपर सुरू होतायत. ती त्याच खोलीत आईच्या पलंगावर बसून अभ्यास करते. आई म्हणाली, "ती जिथे बसून शिकते तिथे मी मरणार नाही. मला दुसरीकडे कुठेही ठेवा."

मी इतके दिवस घरी न्यायच्या नावाने भांडत होते.

परळची_सिस्टर
शुक्रवार, रात्री ११.२५

हे वाचून मी बराच वेळ नुसती बसले. मलाही वाटलं होतं ती घरीच म्हणेल.

वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन आहे, १९८६ पासून. देशातलं पहिलं हॉस्पिस. बरा न होणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटना ठेवून घेतात, पैसे घेत नाहीत. सगळे रिपोर्ट आणि तुमच्या डॉक्टरांचं पत्र घेऊन जा, जागेची चौकशी कर. माहीमहून जवळ आहे, येऊन-जाऊन राहता येईल. आणि आई जे बोलली ते आजच डॉक्टरांना सांगून फायलीत लिहून घे, तारीख-वेळ घालून. रात्रपाळीला दुसरेच डॉक्टर असतील.

आमच्या वॉर्डात आजपासून फायलीच्या पहिल्या पानावर एक कोरी जागा ठेवलीय. पेशंट जे कुणाला बोलेल, मावशींना, मामांना, ते तिथे लिहायचं. मावशींना लिहिता येत नसेल तर त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं.

माहीमची_लेक
रविवार, दुपारी ४.०८

जागा मिळाली. उद्या सकाळी हलवतोय. भाऊच पत्र घेऊन गेला होता.

आईने आणखी एक लिहून घ्यायला लावलं. पेपरच्या दिवशी ती गेली तर भाचीला पेपर देऊन आल्यावरच सांगायचं. मी लिहायला लागले आणि हात थांबला. संध्याकाळी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मला आधी सांगा. मी पेपर देईन, आजीला सांग मी देईन. पण मला आधी सांगा."

आईला तसं सांगितलं. ती हसली, खूप दिवसांनी. म्हणाली, "बरं. तिचं लिही, माझं खोड."